एका माइकची माणसं

डॉयल फिप्स गिटार वाजवायला शिकला, त्याच्या आधी बाजूला व्हायला शिकला.

शिकवलं आईनं, स्वयंपाकघरात. ओटी फिप्स बँजो वाजवायची आणि गायची. दर शनिवारी दुपारी बारा वाजता खालच्या गावातल्या रेडिओ स्टेशनवर तिच्या मंडळींचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असे, आणि स्टेशनात माइक एकच होता. जो माइकजवळ तो मोठा ऐकू येणार, जो लांब तो बारीक. आवाज कमीजास्त करायचा तो पायांनी. ज्याची पाळी त्यानं पुढं जायचं, वाजवायचं आणि पुढच्याला वाट देत मागं यायचं. हे सगळं बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. नाहीतर पावलं वाजायची आणि तीन जिल्ह्यांतल्या लोकांना वाटायचं, गाण्यात घोडा शिरला.

म्हणून ओटीनं घरातल्या तुळईला सुतळी बांधून एक टिनाचा पेला लोंबता सोडला. तो माइक. खाली मक्याच्या पिठानं पावलं काढली. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, मग मागून वळसा. डॉयल तेव्हा सात वर्षांचा होता. गिटार त्याच्या अंगाला मोठी पडायची, म्हणून त्याच्या हातात झाडू दिला होता.

"मान वर," ओटी म्हणायची.

तो हनुवटी वर करायचा.

"तुझी नव्हे रे, झाडूची. त्या दांड्यानं कुणाचा तरी डोळा फोडशील."

थोरला कार्लिस फिडल वाजवायचा. गज ओढताना त्याचा उजवा कोपर बाहेर यायचा. "कोपर पोटाशी घे," आई म्हणायची. "तू काय कोंबडी आहेस?" आणि सगळ्यांच्या मागं शेजारचा रॉस्को हॅश त्याच्याहून उंच असं बासचं तंतुवाद्य कवेत घेऊन उभा. तो मात्र हलायचा नाही. ओटीचं म्हणणं, रॉस्को म्हणजे अंगणातलं झाड. आपण त्याच्याभोवतीनं जायचं.

दोन वर्षांनी झाडू गेला आणि गिटार आली. तोवर डॉयलची पावलं इतकी बसली होती की चर्चमध्येसुद्धा बाकावरून उठताना तो डावीकडून यायचा, उजवीकडून जायचा. त्याची जागा ठरली होती, माइकच्या मागं उजव्या अंगाला. तिथं उभं राहून ठेका धरायचा. गिटारीचं काम तेवढंच, असं त्यांच्या डोंगरातल्या स्पाइस क्रीक गावात सगळे मानत. सूर फिडलचा, चमक बँजोची, आणि गिटार म्हणजे घराचं जोतं.

पण कार्लिस फिडलवर जे वाजवी ते डॉयल गोठ्यात बसून गिटारीवर उतरवी. एकाच नखीनं, वर-खाली, वर-खाली, त्याच वेगानं. सतराव्या वर्षी त्याचा एकेक सूर कणसावरून दाणा सुटावा तसा सुटा पडू लागला. एका शनिवारी कार्लिसचा गळा आणि बोटं दोन्ही गारठली होती, तेव्हा ओटीनं चालू गाण्यात डॉयलकडं भुवई उडवली. तो मागून वळसा घालून डावीकडून आत आला, सोळा मात्रांचा तुकडा वाजवला, गिटारीची मान वर करून उजवीकडून आपल्या जागी गेला. त्या आठवड्यात स्टेशनला अकरा पत्रं आली. नऊ पत्रांत विचारलं होतं, ते वाद्य कोणतं.

"लिहून कळवा, गिटार," ओटीनं स्टेशनवाल्याला सांगितलं. "आणि वाजवणाऱ्याला सांगू नका. फुशारला तर त्याला जेवायला एक वाडगा जास्त लागेल."

१९७० च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजनं फिप्स मंडळींना बोलावलं. गवतावर बसलेली लांब केसांची मुलं डॉयलचं वाजवणं ऐकून उभी राहिली. त्यांच्यात एका बँडचे लोक होते, डस्टी लँटर्न्स. ड्रम, विजेच्या गिटारी, आणि गाणी मात्र डोंगराकडची. त्यांचा गिटारवाला पळाला होता. दोन आठवडे येशील का, त्यांनी विचारलं.

परतीच्या बसपाशी डॉयल आईसमोर उभा राहिला. त्यानं बोलावणं सांगितलं.

"जा," ओटी म्हणाली. "दोन आठवडे तर दोन आठवडे. कुणाच्या पायात येऊ नकोस म्हणजे झालं."

दोन आठवड्यांची अकरा वर्षं झाली.

पहिल्याच कार्यक्रमात त्यानं आपला तुकडा वाजवला, लोक ओरडले, आणि तो सवयीनं मान वर करून उजवीकडून मागं गेला. मागं बँडमधल्या मॉर्टीचे ड्रम होते. उभी झांज आधी त्याच्या पाठीवर आणि मग स्टेजवर कोसळली.

"तू चाललास कुठं?" मॉर्टीनं विचारलं.

"आता तुझी पाळी ना."

"माझी पाळी? बाबा, मी ड्रमवाला. माझी पाळी संपतच नाही."

इथं प्रत्येकाला आपला माइक होता, आपला स्पीकर होता. कुणाला कुणासाठी हलायचं नव्हतं. साउंडवाल्यानं डॉयलच्या पायाखाली चिकटपट्टीची फुली मारली आणि सांगितलं, ह्या फुलीवरून हललास तर दिव्यातून बाहेर जाशील. तरी पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर तिघं पूर्ण आहेत आणि चौथ्याचा अर्धा खांदा. फोटो काढताना त्यानं कुणाला तरी वाट दिली होती.

हळूहळू तो उभं राहायला शिकला. त्यात सुख होतं, ते त्यानं कधी नाकारलं नाही. सोळा मात्रांत जे मावत नव्हतं, ते आता तीन-तीन मिनिटं वाजवता येत होतं. डोंगरातली दाणेदार नखी विजेच्या गिटारीवर पडली की सूर लांबायचा, वळायचा, आणि हजार माणसं एकदम श्वास घ्यायची. वाळवंटातल्या गावांमधून, जत्रांमधून, एकदा चक्क एका तुरुंगाच्या आवारात त्यांनी वाजवलं. बँडचे भरजरी कोट शिवणारी मारिसेला फ्रेस्नोची होती. डॉयलच्या कोटाच्या पाठीवर तिनं गुलाब काढला, तेव्हा तो म्हणाला, पाठीवर कशाला, लोकांना दिसणार नाही. "तू सारखा पाठ फिरवून मागं जातोस," ती म्हणाली. "मला तर तेवढीच दिसते." त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं.

१९८१ पर्यंत असल्या संगीताला उतार लागला होता. मॉर्टी भावाच्या दुकानात गाद्या विकू लागला. डॉयल दर रविवारी चर्चनंतर आईला फोन करी. ती जेवणाचं, पावसाचं, कोंबड्यांचं बोले. माझ्या जागी कोण, हे तो विचारत नसे, आणि ती सांगत नसे. त्यानं धरून चाललं होतं की कुणीतरी असणारच. चांगले गिटारवाले त्या डोंगरात दगडासारखे सापडतात.

जुलैत मारिसेलानं सामान बांधलं. "आईला भेटू. तिला मी अजून फोनमधली बाईच आहे."

ते पोचले तो दिवस स्पाइस क्रीकच्या अग्निशमन दलाच्या वार्षिक जेवणाचा होता. मैदानात कोंबड्या भाजत होत्या, आणि ट्रॅक्टरला जोडायच्या सपाट गाड्यावर फिप्स मंडळी वाजवत होती. मधे एकच माइक. डॉयलनं हाक मारली नाही. तो आणि मारिसेला मागच्या खुर्च्यांवर कागदी ताटं घेऊन बसले.

ओटीचे केस पांढरे झाले होते, पण बँजो तसाच कडकडीत. कार्लिसला चष्मा लागला होता. रॉस्को होता तिथंच होता. गिटार नव्हती.

मारिसेला शिवणकाम करणारी. तिची नजर लगेच आकारावर जायची. "त्या गाड्याला तिथं भोक आहे का?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"मागं, उजवीकडं. प्रत्येक जण तिथून वळसा घेऊन जातोय बघ."

डॉयलनं पाहिलं. ओटी माइकपासून उजवीकडून निघाली, मधेच थबकली, काहीच नसलेल्या जागेभोवतीनं अर्धं वर्तुळ घेतलं आणि मागं गेली. मग कार्लिस. त्यानं तर तिथून जाताना कोपर पोटाशी घेतला, कुणाला लागू नये म्हणून. गाड्याच्या फळ्या धड होत्या. ऊन त्या जागेवर सरळ पडलं होतं.

"भोक नाही," डॉयल म्हणाला. "मी आहे तिथं."

त्याच्या हातातली कोंबडीची तंगडी तशीच राहिली. जेवण टाकून देणं हे त्या मैदानात पाप असल्यामुळं ती मारिसेलानं खाल्ली.

संध्याकाळी घरी मिठ्या झाल्या, मारिसेलाला तीन वेळा वाढून झालं, टोमॅटोच्या चकत्या आणि मक्याचा पाव संपला, तेव्हा त्यानं विषय काढला.

"तुझ्यासाठी ठेवली जागा?" कार्लिस हसला. "तू काय गव्हर्नर आहेस? अरे, दोनदा सरळ जायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आईच्या बँजोनं माझा चष्मा पाडला. मग म्हटलं, जाऊ दे, आहे तसं चालू दे."

"बैल विकला तरी गाय त्याची जागा सोडूनच उभी राहते," ओटी म्हणाली आणि भांडी गोळा करायला लागली. "सवय. त्यात फार काही बघू नकोस."

"आई, मी परत यायचं म्हणतोय. त्या जागेवर."

ओटीनं ताटं टबात ठेवली. "जागा आहे," ती म्हणाली. "माणूस मावतो का, ते बघावं लागेल. सहा आठवड्यांनी जिल्ह्याची स्पर्धा आहे. तिथं गाड्यावर चौघं उभे राहू. चारचौघांत जमलं तर जमलं."

डॉयलनं मान हलवली. त्याला हसू येत होतं आणि धाकही वाटत होता. हजार माणसांपुढं वाजवताना असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सराव सुरू झाला. स्वयंपाकघर आता चौघांना पुरेना, म्हणून ओटीनं परसातल्या घेवड्याच्या वेलाची एक काठी उपटून गवतात रोवली. तो माइक. मारिसेला मागच्या दारच्या ओट्यावर शेंगा सोलत बसली.

पहिल्या फेरीत ओटीचा बँजो डॉयलच्या पोटावर आदळला. दुसऱ्या फेरीत कार्लिसचा गज त्याच्या कानात गेला.

"हे काय?" कार्लिस म्हणाला. "मी बरोबर चाललोय."

"तू बरोबर चाललायस," ओट्यावरून मारिसेला म्हणाली. "पण तुम्ही ज्याच्याभोवतीनं चालताय तो चोवीस वर्षांचा आहे. हा पस्तिशीचा, आणि माझ्या हातचं जेवतो."

रॉस्कोकाका बासमागून इतका हसला की बास आपोआप वाजला.

पण पोट ही खरी अडचण नव्हती. पोट आत घेता येतं. अडचण पायांची होती. डॉयल काठीपाशी यायचा, आपला तुकडा वाजवायचा, आणि तिथंच उभा राहायचा. अकरा वर्षांत पायांखाली फुली रुजली होती. सोळा मात्रा संपायच्या, कार्लिस गज उचलून डावीकडं येऊन थांबलेला असायचा, आणि डॉयल डोळे मिटून सतराव्या मात्रेत शिरायचा.

"महाराज," कार्लिस म्हणायचा, "आम्ही जेवून येऊ का?"

ऑगस्ट उलटला. गवतात गोल वाट पडली, कडेला मळकी, आणि काठीपाशी एक टक्कल. ते डॉयलचं.

मारिसेलानं एकदा सुचवून पाहिलं. "कोट बसत नसेल तर माणूस कापत नाहीत, ओटी. शिवण उसवतात. तुम्ही वाटच थोडी बदला ना."

"ओटी फिप्सची वाट?" रॉस्कोकाका पुटपुटला.

"अठ्ठावीस वर्षं ह्या वाटेनं चालतेय मी," ओटी म्हणाली. "रेडिओ स्टेशन बंद पडलं, वाट नाही पडली. त्याला यायचंय तर त्यानं यावं." आणि मारिसेलाच्या मांडीवरची अर्धी टोपली उचलून ती स्वतः शेंगा सोलायला बसली, इतक्या जोरात की दाणे कोंबड्यांपर्यंत उडाले.

स्पर्धेच्या शनिवारी दुपारी मैदान भरलं होतं. परीक्षक छपराखाली टेबल टाकून बसले होते. फिप्स मंडळींची पाळी नववी. गाड्यावर चढताना डॉयलनं पाय पुसले, घरात शिरताना पुसावेत तसे.

पहिलं गाणं सुरेख झालं. तो वळसा घालून डावीकडून आला, सोळा मात्रा, मान वर, उजवीकडून मागं. आपल्या जागेवर पाय टेकले तेव्हा त्याला फळीची ऊब मोज्यातून लागली. बूट त्यानं नकळत गाड्याच्या पायरीशी काढले होते. ओटी शेजारून गेली, आणि तिचा बँजो त्याच्या पोटापासून बोटभर लांबून गेला.

दुसरं गाणं जलद होतं. डॉयलची पाळी आली, तो पुढं झाला आणि त्यानं तारांवर नखी चालवली. मागच्या बाजूला काही पोरं होती, त्यांच्याकडं डस्टी लँटर्न्सची रेकॉर्ड असावी. त्यांनी त्याचं नाव घेऊन आरोळी दिली. ती आरोळी डॉयलच्या पायांत उतरली. सोळावी मात्रा गेली. सतरावी आली, आणि ती इतकी चांगली होती की त्याला ती सोडवेना.

डाव्या कडेला कार्लिस गज उचलून उभा होता. डॉयलला तो दिसला, आणि त्याच क्षणी कळलं. आता हललो तर तुकडा अर्ध्यात तुटणार, नाही हललो तर त्याची पाळी खाल्ली. सहा आठवडे, ते टक्कल पडलेलं गवत, आणि परत तेच. बोटं चालत होती, पण डोकं रिकामं झालं होतं. त्यानं वळून आपल्या जागेकडं पाहिलं, जिथं त्यानं एव्हाना असायला हवं होतं.

तिथं ओटी होती.

ती वळसा घेऊन आली नव्हती. अकरा वर्षं जिच्याभोवतीनं गेली, त्या जागेतून सरळ चालत, उजवीकडून, उलट्या बाजूनं माइकशी आली. तिनं बँजो त्याच्या गिटारीखाली घातला आणि त्याच्या सुराला लागूनच आपला सूर लावला. दोघांची वाद्यं एका माइकला एकदम, हे फिप्स मंडळींत कुणी केलं नव्हतं.

"वाजव," ती ओठ न हलवता म्हणाली. "आलाच आहेस तर संपव."

त्यानं पुढच्या सोळा मात्रा तिच्याबरोबर वाजवल्या. मग निघायची वेळ झाली, तर उजवीकडं आई. त्याला डावीकडून जावं लागलं. डावीकडं कार्लिस, तो मागं सरला. मागं रॉस्को. आणि रॉस्को हॅशनं, जो अठ्ठावीस वर्षांत एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेला नव्हता, आपला बास उचलला आणि एक पाऊल टाकलं. मैदानातल्या म्हाताऱ्या लोकांनी ते पाहिलं आणि असा काही गलका केला की परीक्षकांतला एक जण उभा राहून बघायला लागला, कुणी पडलं की काय.

आता सगळंच उलटं फिरू लागलं. कार्लिस उजवीकडून आत आला, कोपर बाहेर, एकदम मोकळा. त्या बाजूला त्याच्या गजाला आडवं यायला कुणी नव्हतं. त्यानं असं वाजवलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. डॉयल मान वर करून सगळ्यांच्या मागून ठेका देत फिरत राहिला. त्याला जागा कुठली ते कळेना, म्हणून तो चालतच राहिला, आणि चालता चालता हसायला लागला. गाणं संपलं तेव्हा चौघं चार भलत्याच ठिकाणी उभे होते.

पहिला नंबर शेजारच्या जिल्ह्यातल्या तीन बहिणींना गेला. फिप्स मंडळींना काही मिळालं नाही. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, 'वादन उत्तम, स्टेजवर गोंधळ.'

गाड्यावरून उतरल्यावर डॉयल आईसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मी थांबलो. माझं चुकलं. चारचौघांत जमलं नाही."

"नाही जमलं," ओटी म्हणाली. ती धापा टाकत होती आणि तिचे गाल लाल झाले होते. "तुला त्या पोराच्या जागेत कोंबत होते मी. तो पोरगा बरा होता. पण तुझी सतरावी मात्रा त्याला आली नसती." तिनं बँजो त्याच्या हातात दिला, धर म्हणून, आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली. "सोमवारी सकाळी ये. लवकर ये. दव असतं तेव्हा पावलं दिसतात."

सोमवारी तिनं काठी उपटून परसाच्या दुसऱ्या टोकाला रोवली, जिथं गवत अजून उभं होतं. उजवीकडून आत, डावीकडून बाहेर. गिटारवाल्याला बत्तीस मात्रा, आणि शेवटच्या सोळांत ज्याची पुढची पाळी त्यानं येऊन त्याच्याशेजारी उभं राहायचं. रॉस्कोकाकाला एक पाऊल दिलं. त्यानं दोन मागितली, ती मिळाली नाहीत. मारिसेला ओट्यावरून उतरून गवतात आली आणि कुणाला किती जागा लागते ते शिवणाच्या फितीनं मोजू लागली. ओटीनं तिला अडवलं नाही.

तिसऱ्या फेरीत मोठा आवाज झाला. कार्लिसचा चष्मा गवतात पडला होता, आणि बँजो डॉयलच्या पोटावर होता. सगळे थांबले आणि सवयीनं डॉयलकडं बघायला लागले.

ओटीनं आपल्या पायांकडं पाहिलं. अडुसष्ट वर्षांचे पाय, जुन्या बाजूनं निघालेले.

"माझं चुकलं," ती म्हणाली, आणि चष्मा उचलून कार्लिसच्या नाकावर ठेवला. "परत. पहिल्यापासून."